दुसरा आवाज

१२ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र बघून चक्रावू नकोस. फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि शेवटी दोघींना काही कळलेलं नसतं. शिवाय फोन वाजला की ठकी कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसते. तिला तिथून बाहेर काढेपर्यंत माझी संध्याकाळ जाते. तेव्हा यापुढे जे काय ते कागदावर.

तुमच्या अभ्यासाचं मी ठकीच्या बाबाच्या कानावर घातलं. ऑटिझम असलेल्या मुलांचा मेंदू आवाज ऐकताना कसा चालतो, इतर मुलांपेक्षा कुठे वेगळा पडतो, ते तुमची डॉक्टरीणबाई बघतेय, एवढं त्याला समजावलं. "औषध देणार आहेत का?" त्याने विचारलं. नाही म्हटलं. "मग कशाला?" त्याचं असंच असतं. लेकीवर जीव आहे त्याचा, पण त्याला प्रश्न पडत नाहीत. मला पडतो. एकच पडतो, पण तो डोक्यातून जात नाही.

मी दिवसभर काय करते ते तुला ठाऊक आहे. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारते. मी 'फलाट चार' म्हटलं की ज्यांना कुठेच जायचं नाही तेही चारकडे वळून बघतात. परवा दुकानात साबणाची किंमत विचारली, तर शेजारचा माणूस म्हणाला, "बाई, स्टँडवर तुम्हीच बोलता ना?" सगळं गाव मला आवाजावरून ओळखतं. आणि घरी मी ठकीला हाक मारते तेव्हा ती पंख्याकडे बघत असते, ती बघतच राहते. कान तपासून झालेत. उत्तम ऐकू येतं. ऐकू येतं आणि वळत नाही, हे तुला कसं सांगू? तू आई नाहीस. रागावू नकोस, आहे ते लिहितेय.

तुमच्या मशीनकडून मला एवढंच हवंय. माझा आवाज तिच्या आत पोचतो की नाही? पोचत नसेल तर तसं सांगा, मी मनाची तयारी करून येईन.

तुझा पांढऱ्या कोटातला फोटो मिळाला. झकास दिसतेस. मी जळत वगैरे नाही.

तुझी ताई


२१ जानेवारी

ताई,

नमस्कार. कोटाचं म्हणशील तर त्याच्या बाह्यांवर कायम चिकट जेलचे डाग असतात. फोटोत हात मागे बांधले होते म्हणून वाचले.

आता नीट ऐक. ठकीच्या डोक्यावर आम्ही जाळीची टोपी बसवू. तिला बटणांसारखे सेन्सर असतात, प्रत्येकाखाली थोडं जेल. दुखत नाही, करंट बिरंट काही देत नाही. मेंदूत सतत बारीक वीज खेळत असते, ती फक्त मोजायची. ठकी समोर मुकं कार्टून बघत बसेल आणि स्पीकरवर तीन आवाज आलटून पालटून येतील. एक आईचा, एक परक्या बाईचा, एक नुसती घरघर. वाक्यं दोघींची सारखीच, साधी. 'चेंडू लाल आहे', 'दार उघडं आहे' अशी. प्रत्येक आवाजाला मेंदू कसं उत्तर देतो ते लाटांच्या रूपात पडद्यावर दिसतं.

एक गोष्ट आधीच सांगते, नंतर मला धारेवर धरू नकोस. हा अभ्यास पुष्कळ मुलांच्या लाटा एकत्र करून केलेला असतो. एकट्या मुलाचा तक्ता बघून त्याच्या मनात काय आहे ते कुणीही सांगू शकत नाही. ठकीच्या मेंदूची तऱ्हा वेगळी असेल, पण वेगळी म्हणजे रिकामी नव्हे.

परक्या बाईचा आवाज आईच्या वयाचा, साधारण तिच्याच पट्टीतला हवा असतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही वाचाल का, मुलगी ओळखते का तुम्हाला? मी म्हटलं, नाही. खरंच आहे ना. मी तिला पाळण्यात बघितली ती शेवटची. नंतर कधी तिचं बरं नाही, कधी माझी रजा नाही, आणि फोनवर ती येत नाही. तेव्हा परकी बाई मीच. लिहिताना जरा लागलं, पण कामाला सोयीचं आहे.

तुझी वाक्यं शांत जागी रेकॉर्ड करून मोबाइलवर पाठव. आणि ठकीला घरात पोहायची टोपी घालायची सवय लाव.

तुझी धाकटी


३ मार्च

धाकटीस,

आशीर्वाद गृहीत धर, आज लिहायचा मूड नाही.

आम्ही सुखरूप घरी पोचलो. ठकी बसमध्ये झोपली. मी जागीच होते आणि जे बघितलं ते परत परत बघत होते.

या मुलीच्या केसांना मी हात लावायचा म्हणजे आमच्याकडे युद्ध असतं. कंगवा दिसला की किंचाळते. शेजारच्यांनी एकदा दार ठोठावून विचारलं होतं, सगळं ठीक आहे ना. आणि तू तिच्या डोक्यावर ती जाळी चढवलीस, बटणाबटणात जेल भरलंस, आणि ती गप्प बसली. नुसती बसली नाही, तुझ्या मांडीत बसली. तुझं मनगट नाकाला लावून हुंगत होती. माझं मनगट तिने कधी हुंगलेलं नाही. मी काचेपलीकडे पर्स मांडीवर घेऊन बसले होते, दवाखान्यात दुसऱ्याच्या पेशंटबरोबर आलेली बाई बसते तशी.

तरी म्हटलं आवाजाचं बघू. तर टोपी काढल्यावर तुमची डॉक्टरीणबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "दुसऱ्या आवाजाला किती छान उत्तर आलंय." मी विचारलं, दुसरा म्हणजे कुणाचा? ती सहज तुझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांचा." आणि पहिला? "पहिला जरा सपाट आहे," म्हणाली. पहिला मी.

तू तेव्हा तोंड फिरवलंस. ओठ मिटून हसत होतीस, ते मला काचेत दिसलं.

धाकटे, लहानपणी माझा फ्रॉक तुला बसायचा, माझी सायकल तुला मिळायची, माझ्या मैत्रिणी तुझ्याशी जास्त बोलायच्या. त्याचं मी कधी काही वाटून घेतलं नाही. हे मात्र मला सहन होत नाही. रात्रंदिवस मी तिच्या मागे. तिचे तेच तेच कपडे मी शिवून ठेवते, तिला चालतं तेवढंच ताटात वाढते, तिच्यासाठी मी पाहुणे बंद केले. आणि तू एका सकाळी येतेस, कोट घालून, आणि ती तुझी होते. मला तुझा हेवा वाटतो. लाज वाटत नाही लिहायला.

सुट्टीत येणार म्हणाली होतीस ते राहू दे.

ताई


११ मार्च

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पण काही गोष्टी तुला कळायलाच हव्यात, म्हणून आधी त्या.

ठकी मांडीत बसली कारण आमची खुर्ची तिला घसरत होती. केसांचं म्हणशील तर मी बोटांची टोकं लावत नाही, सगळा तळवा दाबून धरते. हलका स्पर्श या मुलांना टोचतो, दाब बरा वाटतो. हे मला शिकवलेलं आहे, रोजचं काम आहे माझं. तूही करून बघ. आणि मी हसत नव्हते. सेन्सर सुटला होता, त्याच्याकडे बघत होते.

आता लाटांचं. मोठी लाट म्हणजे माया आणि सपाट लाट म्हणजे परकेपणा, असं नसतं. मेंदू ओळखीच्या आवाजालाही उसळतो आणि नव्या आवाजालाही दचकतो. कुठलं उसळणं आणि कुठलं दचकणं, ते एका तक्त्यावरून आम्हालाच कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर तसं बोलायला नको होतं. मी त्यांना म्हटलंही तसं. पण त्यांनी उलट मलाच झापलं. आईच्या सख्ख्या बहिणीचा आवाज मुलीला परका कसा असेल, एवढंही तुम्हाला सुचलं नाही का, म्हणाल्या. ठकीचा तक्ता अभ्यासातून काढून टाकलाय. चूक माझीच आहे. ती मला ओळखत नाही, एवढ्यावरच मी थांबले. आपल्या दोघींचे आवाज एका घरचे आहेत हे डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यासाठी मी तुझं रेकॉर्डिंग परत ऐकलं. ताई, तू ते काचेच्या खोलीत बसून केलंस ना? 'चेंडू लाल आहे' हे तू 'गाडी फलाटावर लागलेली आहे' अशा थाटात म्हटलंयस. स्वच्छ, खणखणीत, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. तो स्टँडचा आवाज आहे. ठकीने तो घरात कधी ऐकलाय? तू घरात बोलतेस ते निराळंच, अर्धं वाक्य स्वयंपाकघरात आणि अर्धं बाथरूमच्या दारात. ठकी ओळखते ती ही घरातली बाई. मशीनला आपण ती ऐकवलीच नाही.

घरच्या आवाजात परत रेकॉर्ड कर. खरोखरच्या परक्या बाईचा आवाज मी शोधते. डॉक्टरीणबाई पुन्हा घ्यायला तयार आहेत.

तुझी धाकटी


२९ मार्च

धाकटीस,

आता माझ्या आवाजातही खोट निघाली. छान. माझं पोट चालवणारा तो आवाज, त्यावर मला स्टँडवाले मानतात, आणि माझ्या बहिणीला तो चालत नाही.

तरी तू सांगितलंस तसं करायला गेले. मोबाइल टॉवेलखाली लपवला, भांडी घासता घासता म्हटलं, 'चेंडू लाल आहे.' ऐकलं तर स्टँड. बाथरूमच्या दारात म्हटलं. स्टँड. ठकीचा बाबा म्हणाला, "तू आता चेंडू किती वाजता सुटणार तेही सांगशील." मग मला कळलं की घरचा आवाज मला मुद्दाम काढता येत नाही. रेकॉर्ड करायचं म्हटलं की तो पळतो.

म्हणून मी एक केलं. हसायचं असेल तर हस. तुझ्यासारखं बोलायला सुरुवात केली. तुझी ती मऊ, जरा लांबवलेली पद्धत, शेवटचा शब्द खाली सोडायची. तुझ्यापेक्षा ती मला चांगली येते. लहानपणी मी तुझ्या आवाजात बोलून आईकडून खाऊ काढत असे. म्हटलं, तुझ्याच आवाजाला तिचा मेंदू छान उत्तर देतो ना, मग तोच घरात आणू. तिने निदान वळावं. मी तू झाले तरी चालेल, ती वळू दे.

ठकी कपड्यांचे चिमटे रांगेत लावत होती. मी शेजारी बसून तुझ्या आवाजात म्हटलं, "ठकू, हा चिमटा निळा आहे." ती उठली. माझ्या जवळ आली. मला वाटलं, आली. तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि सगळा तळवा माझ्या तोंडावर ठेवून दाबला. जोरात. हात काढल्यावर मी परत तसंच बोलले, तिने परत दाबलं. शेवटी मी हाताखालूनच कशीबशी म्हणाले, "अगं सोड की, दात लागतायत." तेव्हा सोडलं आणि गेली आपल्या चिमट्यांकडे.

आतापर्यंत वळत नव्हती. आता बोलूच नकोस म्हणते. तुझा आवाज उसना घेऊनसुद्धा माझ्या तोंडून तिला नको. मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले.

घे, जिंकलीस. परत यायची आमची इच्छा नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना तसं कळव. आणि मला उत्तर लिहू नकोस.

ताई


५ एप्रिल

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितेय. फाडून टाकायचं असेल तर वाचून फाड.

आधी तुझ्याच पत्रातला मजकूर तुला परत सांगते. तू माझ्या आवाजात बोललीस, तिने तोंड दाबलं. परत माझ्या आवाजात बोललीस, परत दाबलं. मग दात लागायला लागले तेव्हा तू तुझ्या आवाजात बोललीस, आणि तिने सोडलं. हे तू लिहिलंयस. मी नाही.

तिला तुझं बोलणं नको नव्हतं गं. तुझ्या तोंडातून येणारी मी नको होते.

आता मी तुला खरं सांगते. त्या दिवशी कुठलाही सेन्सर सुटलेला नव्हता. मी हसतच होते. डॉक्टरीणबाई 'ह्यांचा' म्हणाल्या तेव्हा मला इतका आनंद झाला की तुझ्याकडे बघायची सोय राहिली नाही. मी रोज दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर टोप्या बसवते. काम झालं की ती मुलं आयांचा हात धरून निघून जातात आणि मी टोपी धुवायला घेते. तुझी ठकी मांडीत बसली तेव्हा मी मनात म्हटलं, ताईला सगळं मिळालं, हे एक मला मिळू दे. तू काचेपलीकडे बसली होतीस आणि मी असं म्हटलं.

पण टोपी चढवताना ती मांडीत होती तेव्हा मी तिच्याशी सारखी बोलत होते. मऊ बोलले, गाऊन बोलले, एकदा बोबडंही बोलले. तिने एकदाही मला थांबवलं नाही. घरघर ऐकावी तसं तिने मला ऐकलं. मी कशीही बोलले असते तरी तिला फरक पडला नसता. तुझ्या आवाजात जरा बदल झाला तर ती खेळ सोडून उठली, चालत आली आणि तुझं तोंड बंद केलं. तिला तू तूच हवी आहेस, दुसरी कुणी नको. माझ्या बाबतीत कुणालाच असं वाटलेलं नाही.

हे आमच्या अभ्यासात बसत नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणतील, एका प्रसंगावरून काही ठरवू नका, मुलीला त्या मऊ स्वरांचा त्रास झाला असेल, नाहीतर ओठांची हालचाल निराळी वाटली असेल. असेलही. मी काही तज्ज्ञ नाही, टोपी बसवणारी आहे. पण तुझं पत्र वाचलं आणि माझा जळफळाट झाला, तो काही उगीच झालेला नाही.

तुझी धाकटी


१६ एप्रिल

चि. धाकटीस,

आशीर्वाद, पुष्कळ.

पत्र फाडलं नाही. आल्या दिवशी वाचलं, स्टँडवर नेलं, जेवायच्या सुट्टीत काचेच्या खोलीत परत वाचलं, आणि त्या नादात एक गाडी पुकारायची राहिली. साहेब बोलले. बोलू देत.

मी परत करून बघितलं. तुझ्या आवाजात बोलले, तिने तोंड दाबलं. या वेळी मी हसत होते, त्यामुळे तिचा हात ओला झाला आणि तिने तो माझ्याच गाऊनला पुसला. मग मी माझ्या आवाजात हाक मारली. ती वळली नाही. चिमटे लावत राहिली. तेव्हा असं समजू नकोस की इकडे काही जादू झाली. हाकेला ती अजून वळत नाही आणि मला अजून वाईट वाटतं. पण आता हाक मारून झाली की मी तिथेच बसते. पुढचं बोलत राहते, नळाचं, स्टँडचं, तुझ्याबद्दलच्या तक्रारी. ती मला बोलू देते. आधीही देत होती बहुतेक. मीच ती वळण्याची वाट बघत गप्प बसत होते.

तळवा दाबून केस धुवून बघितले. किंचाळली, पण कमी.

तुमच्या डॉक्टरीणबाईंना सांग, आम्ही येऊ. परकी बाई या वेळी खरोखरची परकी आण. घरच्या आवाजाचं मात्र ठकीच्या बाबावर सोपवलंय. मी त्याच्याशी भांडत असताना तो गुपचूप रेकॉर्ड करणार आहे. तेवढ्यासाठी वेगळा वेळ काढावा लागणार नाही.

आता तुझं. तू जळतेस हे वाचून मला फार बरं वाटलं. चांगल्या बाईला असं वाटू नये, पण मला वाटलं. तुला सगळं मिळालं आणि मला ही ओढाताण, असं मी मनात धरून बसले होते. तू माझ्याबद्दल तेच धरून बसली होतीस. दोघींनी तोंडावर मात्र फोटो झकास आलाय म्हणायचं.

सुट्टीत ये. ठकी तुझ्या मांडीत बसेल, मनगट हुंगेल, आणि मला राग येईल. तो मी लपवणार नाही. भांडी आपटीन. तू मनावर घेऊ नकोस, मुक्काम हलवू नकोस, चांगली आठवडाभर राहा. तिच्याशी हवं तितकं बोल, गा, बोबडं बोल. एवढंच सांभाळ. कधी तिने उठून तुझ्याही तोंडावर हात ठेवला, तर ते मला सांगू नकोस.

तुझी ताई